चौथ्या नंबरचं झाकण

घराबाहेर पडताना गास्पार बेर्ने दारावरची पितळी पाटी कोटाच्या बाहीने पुसायचा. पाटीवर दोनच ओळी होत्या. वर 'ग. बेर्ने' आणि खाली 'घड्याळांची वेळ जुळवणारे'. निवृत्तीनंतर त्याने ही अक्षरं स्वतःच्या हाताने कोरली होती आणि त्यातलं एक अक्षर जरा तिरकं गेलं होतं. बायको होती तोवर त्यावरून चिडवायची, "जन्मभर सेकंदाचा दहावा भाग मोजलास, आणि एक अक्षर सरळ येईना!" बायको जाऊन सहा वर्षं झाली. तिरकं अक्षर अजून बाहीला किंचित अडकायचं, आणि ते अडकलं की गास्पारला बरं वाटायचं.

त्या सोमवारी थंडी अशी होती की उघड्या हाताने कडी धरली तर कातडी चिकटावी. झू तलाव या काठापासून त्या काठापर्यंत गोठला होता. गास्पार हातमोजे घालून, काठी टेकत, क्रिझिनेलांच्या कारखान्याकडे निघाला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कोणीतरी कामाला बोलावलं होतं, त्यामुळे चालीत जरा ऐट होती.

क्रिझिनेलांच्या घड्याळांना दीडशे वर्षं पूर्ण होत होती. मालकीण सेव्हरिन क्रिझिनेल चाळिशीची, तोंडाने फटकळ आणि मनाने साफ. तिने तळमजल्यावर एक नवी खोली सजवली होती. घराण्याने बनवून जपून ठेवलेल्या त्र्याऐंशी घड्याळांतून बारा निवडून तिथे काचेत मांडायची होती, आणि निवड करायची होती गास्पारने. शनिवारी अकरा वाजता खोली उघडणार होती.

"बाराच," सेव्हरिन म्हणाली. तिने मखमलीचं तबक टेबलावर ठेवलं. त्याला बारा खळगे होते. "भावाला तेरावं हवंय. त्याला म्हटलं, तेराव्या जागी तूच बस काचेत."

"बसेल तो," गास्पार म्हणाला. "पण किल्ली कोण देणार त्याला?"

ती मोठ्याने हसली. मग तिने कोऱ्या कार्डांचा गठ्ठा पुढे सरकवला. "आणखी एक, मस्यू बेर्ने. या वेळी प्रत्येक घड्याळाखाली कारागिराचं नाव येणार. आमच्या वह्यांत घड्याळाचे नंबर आहेत, माणसांची नावं नाहीत. लाज वाटली मला ते बघून. झाकणातल्या खुणा तेवढ्या आहेत. त्या तुमच्याशिवाय कोण ओळखणार?"

या खोऱ्यातली रीतच होती ती. घड्याळाची वेळ शेवटची जुळवून झाली की ज्याने जुळवली तो मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण करायचा. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नसे. पुढे पन्नास वर्षांनी कोणी झाकण उघडलं, तर त्या माणसाला कळायचं की आपल्याआधी इथे कोणाचा हात लागला होता. गास्पारची खूण म्हणजे त्याच्या नावाची दोन आद्याक्षरं, एकात एक गुंतवलेली.

पहिली सहा घड्याळं भराभर निवडून झाली. ठोके देणारी दोन होती, एक सोन्याचं आणि एक पोलादाचं. सेव्हरिनचा हात सोन्याकडे गेला तेव्हा गास्पारने दोन्ही वाजवून दाखवली. "सोनं आवाज गिळतं. पोलाद कसं मोकळं गातंय बघा." ते पोलादी तबकात गेलं. चंद्राच्या कला दाखवणारी चार होती. त्यातलं ज्याच्या चंद्राला नाक-डोळे काढले होते ते त्याने बाजूला सारलं. "हा चंद्र फार हसतो. थोड्या दिवसांनी कंटाळा येतो." प्रत्येकाचं झाकण पातळ सुरीने उघडून तो खूण वाचत होता. म्हाताऱ्या ओबेरची मासोळी, कारागीर कापचे तीन ठिपके, सगळे आपापल्या जागी होते. किती दिवसांनी ही माणसं भेटली, असं त्याला वाटलं.

सातव्या जागेसाठी त्याने एका नाण्याएवढं पातळ घड्याळ उचललं. "हे माझं," तो उघडायच्या आधीच म्हणाला. त्या आवाजातला तोरा त्याला स्वतःलाच ऐकू आला. "चौऱ्याहत्तर सालचं. नऊ दिवस छळलं होतं याने मला."

झाकण आतून गुळगुळीत होतं.

त्याने भिंग डोळ्याला लावलं. खूण नव्हती. पुसट खूणही नव्हती.

"विसरला असाल," सेव्हरिन सहज म्हणाली.

"असेन," गास्पार म्हणाला आणि झाकण मिटलं.

क्रिझिनेलांचं झाकण मिटताना टिक् असा कोरडा, ठाम आवाज होतो. हे मिटलं ते बोथट, जुनं पुस्तक मिटल्यासारखं. झाकणाचा धातू घासून पातळ केला की असा आवाज येतो. गास्पारने हा आवाज आयुष्यात एकदाच ऐकला होता, आणि तो कुठे ऐकला हे कोणालाही सांगितलं नव्हतं.

मंगळवारी त्याने कायम तारीख दाखवणारी घड्याळं मागितली. पाच मॉडेलं, त्यातली तीन त्याच्या हातची. तिन्ही आतून कोरी होती. भिंगाखाली पॉलिशचे बारीक ओरखडे दिसत होते, सगळे एकाच वळणाचे. पॉलिशलाही हस्ताक्षर असतं. कोणी गोल फिरवतो, कोणी आडवं ओढतो. हे ओरखडे उजवीकडून डावीकडे येऊन शेवटी किंचित वर वळत होते.

सेव्हरिननेही भिंगातून पाहिलं. "कपाटाला गेल्या हिवाळ्यापासून सील होतं. तुमच्यासमोर मी फोडलं ना?" मग म्हणाली, "हा हात कोणाचा?"

गास्पारने भिंग परत घेऊन पुसलं. ज्या वळणाने तो रोज सकाळी वस्तरा फिरवायचा, तेच हे वळण होतं.

त्रेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा गास्पार एकतीस वर्षांचा होता. वेधशाळेच्या स्पर्धेसाठी क्रिझिनेलांनी चार साधी, बिनसोन्याची घड्याळं बनवली आणि चौथ्या नंबरचं त्याच्याकडे दिलं. तिथे पंचेचाळीस दिवस घड्याळ उभं, आडवं, बर्फात, उष्णतेत ठेवून चाल मोजायचे. गास्पारने तीन आठवडे जिवाचं रान केलं. आडवं ठेवलं की घड्याळ पुढे पळायचं आणि उभं केलं की मागे पडायचं. शेवटी त्याने हात टेकले.

शेजारच्या बाकावर ओदील गिन्यार बसायची. घड्याळातली केसाहून बारीक स्प्रिंग बसवायचं काम बायकांचं होतं. वेळ जुळवायचं काम पुरुषांचं, आणि झाकणात खूण करायचा मानही त्यांचाच. "दे इकडे," ओदील म्हणाली. "तुझ्या हाताला घाम येतो, गास्पार. तिला तो आवडत नाही." पुढचे अकरा दिवस, जेवणाच्या सुट्टीत, ती त्या स्प्रिंगचं शेवटचं वळण चिमट्याने वाकवत बसली. बाराव्या दिवशी घड्याळ सरळ चालायला लागलं.

पाठवायच्या दिवशी गास्पारने झाकण उघडलं, तर आत एक चिमुकलं वर्तुळ होतं. तिच्या नावाचं पहिलं रोमन अक्षर, वर किंचित उघडं राहिलेलं. इतक्या वर्षांत तिने कधी खूण केली नव्हती. ही पहिलीच.

त्याने लाकडी काडीला लाल पॉलिशची पूड लावली आणि दहा मिनिटं झाकण घासलं. उजवीकडून डावीकडे, शेवटी किंचित वर. मग आपली अक्षरं कोरली आणि झाकण मिटलं. तो बोथट आवाज झाला तेव्हा शेजारच्या बाकावर ओदीलने मान वर केली. तिचे कान तिखट होते. मग ती परत कामाला लागली.

घड्याळाला पहिलं पारितोषिक मिळालं. जेवणाच्या समारंभात ओदील त्याच्यापाशी आली. सहा वर्षं ती त्याला अरेतुरे करत होती. त्या दिवशी म्हणाली, "अभिनंदन, मस्यू बेर्ने. तुम्हाला मानलं पाहिजे." वसंत ऋतूत तिने काम सोडलं. पुढे तलावापलीकडच्या गावात ती मुलींना शिवण शिकवायची. अकरा वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेली. त्या जेवणाची आठवण आली की गास्पारला अजूनही मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण त्या आठवणीला त्याने हळूहळू सवय लावली होती. कधी यायचं, किती वेळ थांबायचं, हे ठरून गेलं होतं.

बुधवारी ती सवय मोडली. त्याने आपल्या हातची उरलेली सगळी घड्याळं मागवली. अकरा होती. गजर देणारं, पाणबुड्यांसाठी केलेलं जाड, बायकांचं मनगटी, खिशातलं. तो एकामागून एक झाकण उघडत गेला. कोरं. कोरं. कोरं. दुसऱ्यांच्या खुणा जागच्या जागी होत्या. एकट्या त्याच्याच नव्हत्या.

अकरावं झाकण तळहातावर घेतलं आणि त्याने ते पटकन टेबलावर ठेवलं. खिडकीजवळची खोली थंड होती, घड्याळ आत्ताच लोखंडी कपाटातून आलं होतं. तरी झाकण कोमट होतं. नुकताच घासून ठेवलेला धातू असतो तेवढं.

"आता चौथा नंबर," सेव्हरिन म्हणाली. तिच्या आवाजात सुटल्याचा भाव होता. "तो तर तुमचाच."

चौथा नंबर थंडगार होता. झाकणात दोन अक्षरं एकात एक गुंतलेली, काल कोरल्यासारखी स्वच्छ. त्याच्या हातून गेलेल्या घड्याळांत ज्या एकावर त्याचं कसब चाललं नव्हतं, तेवढ्यावरच त्याचं नाव उरलं होतं.

परत जाताना तो चीजच्या दुकानात शिरला. दुकान ओदीलच्या धाकट्या बहिणीचं होतं. युगेत सत्तरीची, गोल, बोलकी. गावात त्याला नावाने हाक मारणारी आता ती एकटीच राहिली होती.

"काय रे गास्पार, नासलेल्या दुधासारखं तोंड का झालंय?"

"थंडी."

"थंडी दरवर्षी असते." तिने झाडाच्या सालीच्या गोल डबीतलं मऊ चीज त्याच्यासाठी काढलं, वरून दाबून पाहिलं, परत ठेवलं आणि दुसरं काढलं. "शनिवारी मीपण येणारे बरं का. मालकिणीची चिठ्ठी आली, ओदीलच्या नावाने. सगळ्या जुन्या कामगारांच्या घरी गेलीय. मी म्हटलं, आमच्या ओदीलने नुसत्या स्प्रिंगा बसवल्या, स्प्रिंगवर कोण नाव लिहितंय?"

गास्पार डबीवरचं लेबल वाचत राहिला.

"तुझ्याबद्दल कधी वाकडं बोलली नाही हं ती. मी विचारायचे, एवढं चांगलं काम सोडलंस कशाला? तर म्हणायची, गास्पारला एक गोष्ट सांगायचीय, त्याला जरा सवड मिळू दे."

"कुठली गोष्ट?"

"ते तुला ठाऊक! मला वाटायचं, मागणी घालणार होतास आणि कच खाल्लीस." ती हसली. मग हसायची थांबून त्याच्याकडे बघत राहिली. "घालणार होतास का रे?"

आता सांगायचं, असं त्याने ठरवलं. ओठ उघडलेसुद्धा. दाराची घंटा वाजली, कोणी बाई आत आली, आणि गास्पार डबी घेऊन बाहेर पडला. कोपऱ्यावर पोचल्यावर त्याला कळलं की घंटा वाजली नसती तरी आपण काही सांगितलं नसतं. त्याला स्वतःची किळस आली.

शुक्रवारी अकरा खळगे भरले होते. अकरा कार्डं लिहून झाली होती. त्यातल्या एकावरही बेर्ने हे नाव नव्हतं.

"चौथा नंबर नको ठेवायला," तो म्हणाला.

सेव्हरिनने पेन खाली ठेवलं. "वेड लागलंय का तुम्हाला?"

"त्यात माझ्या एकट्याचा हात नव्हता."

"एकट्याचा कोणाचा असतो?" तिचे डोळे जरा ओले झाले. "हाच तुमचा मोठेपणा." मग ती खुर्ची ओढून जवळ बसली. "स्पष्ट बोलू? भाऊ काल विचारत होता, या बेर्नेंनी चाळीस वर्षं इथे केलं तरी काय, एका घड्याळात त्यांची खूण नाही. मी म्हटलं, चौथा नंबर बघ आणि गप्प बस. आता तुम्हीच तो काढा म्हणता?"

खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता. कार्ड समोर होतं. ओदील गिन्यार, एवढीच अक्षरं होती. ती लिहिली की चौऱ्याहत्तर सालचे नऊ दिवस, ती तारखेची तीन घड्याळं, तो गजर, ते पाणबुड्यांचं घड्याळ, सगळ्या आयुष्याची साक्ष द्यायला जगात काहीच उरणार नव्हतं. त्याने खरोखर केलेलं सगळं पुसलं गेलं होतं. न केलेलं तेवढं हातात होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"नाव तुमच्याच अक्षरात हवं," सेव्हरिन म्हणाली.

त्याने 'गास्पार बेर्ने' लिहिलं.

पहिल्या वेळी तो एकतीस वर्षांचा होता, नाव कमवायची घाई होती. या वेळी ती सबब नव्हती. हात मात्र तितकाच स्थिर चालला, आणि त्याला सर्वांत जास्त लाज त्या हाताची वाटली.

शनिवारी अकराला खोली भरली. पांढऱ्या वाइनचे पेले फिरले. सेव्हरिनने छान भाषण केलं, गास्पारला पुढे बोलावलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो मान खाली घालून उभा राहिला. सगळ्यांना तो विनय वाटला.

युगेत बाराव्या घड्याळापुढे उभी होती. खाली आरसा होता, त्यात उघडं झाकण आणि त्यातली खूण दिसत होती. कार्डही होतं. ती बराच वेळ पाहत राहिली.

मग ती त्याच्यापाशी आली.

"अभिनंदन, मस्यू बेर्ने," ती म्हणाली. "तुम्हाला मानलं पाहिजे."

समारंभातली ती दोन वाक्यं गास्पारने कोणाला सांगितली नव्हती. युगेत तेव्हा तिथे नव्हती. आणि आवाज तिचा नव्हता.

"युगेत," तो म्हणाला, "थांब, मला सांगायचंय..."

ती दोन पावलं मागे सरकली. अनोळखी माणसाने रस्त्यात हटकल्यावर बाई हसते, तेवढं हसली आणि कोट घ्यायला गेली.

तो कोणाचा निरोप न घेता निघाला. दुपार लख्ख होती. गोठलेल्या तलावावर ऊन पडलं होतं.

घराच्या पायरीवरच्या बर्फात सकाळची त्याचीच पावलं होती, बाहेर जाणारी. दुसरी कोणाची नव्हती.

दाराखालच्या पांढऱ्या बर्फावर चिमूटभर लाल पूड सांडली होती.

सवयीने त्याचा हात पाटीकडे गेला. बाही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली.

कुठेच अडकली नाही.

गास्पारने उजवा हातमोजा काढला आणि त्या गोठवणाऱ्या थंडीत पितळेला उघडं बोट लावलं.

पाटी कोमट होती.